शेंदरातले दात

सुदाम मिस्त्री गाडी दातांनी तपासतात. हातभर सागाची काठी घेतात, एक टोक चालू गाडीच्या गिअरबॉक्सला टेकवतात, दुसरं स्वतःच्या दातांत धरतात आणि डोळे मिटतात. पाच-दहा मिनिटं पापणीसुद्धा हलत नाही. मग काठी काढून, शेजारच्या खोलीत कुणी आजारी असल्यासारखं हळू म्हणतात, "दोघं हायत आत."

मी खालापूरला तहसील कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देतो. पुरावा जोडल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, एवढंच माझं आयुष्यभराचं शिक्षण. गिअरबॉक्समध्ये माणसं राहतात हे मला पटणं शक्य नव्हतं. पण मिस्त्रींचं गॅरेज कुंभिवलीत हायवेच्या कडेला, आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून माझं घर. शेजार काही अर्ज करून बदलून मिळत नाही.

गॅरेज म्हटलं की गाणी, शिव्या आणि हातोड्याचे घाव. इथे तिन्ही नाहीत. मिस्त्री एकटे काम करतात, कुजबुजत बोलतात आणि गिऱ्हाइकालाही कुजबुजायला लावतात. "हळू बोला, दात ऐकतायत." दात म्हणजे गिअरचे. त्यांच्या मते माणूस खोटं बोलतो, बिल खोटं बोलतं, दात बोलत नाहीत.

अंगणात करंजाच्या झाडाखाली एका ट्रकचा डिफरन्शियल ठेवलेला आहे. मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा तो लोखंडी गोळा, पोट उघडं, आतल्या दातांना शेंदूर. शेंदराचं कारण साधं आहे. नवे दात बसवले की त्यांना शेंदूर लावून फिरवायचं. जिथे शेंदूर पुसला जाईल तिथे दाताला दात लागतो. खूण दाताच्या मधोमध आली तर काम बरोबर, कडेला गेली तर पातळ चकत्या घालून पुन्हा बसवायचं. जुने मिस्त्री असंच करत. पण झाडाखाली गोल वस्तू आणि तिला शेंदूर म्हटल्यावर आपल्याकडे पुढचं काही सांगावं लागत नाही. घाट चढायला निघालेल्या एका ड्रायव्हरने तिथे नारळ ठेवला. मग हार आले. मग अमावास्येला लिंबं.

"मिस्त्री, तुम्ही बौद्ध. सांगत का नाही त्यांना?" मी एकदा विचारलं.

"सांगितलं दोघातिघांना, देव नाय तो, गाडीच्या गिअरचा क्राऊन हाय. ते पाया पडून गेले. निघालेल्या माणसाला किती अडवायचं, भाऊ?"

नारळ ते खात नाहीत, भिंतीवरून माझ्याकडे देतात. आमच्या घरची ओल्या खोबऱ्याची चटणी कित्येक वर्षं डिफरन्शियलच्या कृपेने चालू आहे.

गेल्या श्रावणात माझा भाचा ओंकार पुण्याहून आला. त्याच्याकडे दोन दरवाजांची, जमिनीला पोट घासत चालणारी जुनी जपानी गाडी आहे. दक्षिणेकडच्या ट्रॅकवर रविवारी शर्यत होती. तिच्यासाठी त्याला गिअर बदलून हवे होते, एकातून दुसऱ्यात टाकताना इंजिनाचा जोर कमी होणार नाही असे जवळजवळचे. शिवाय नवा डिफरन्शियल हवा होता. साध्यामध्ये वळणावर आतलं चाक उचललं की सगळी ताकद त्याच्यातून वाया जाते. नव्यात दोन्ही चाकं एकमेकांना धरून राहतात. सामान त्याने बाहेरून मागवलं होतं. बसवणारा माणूस मी सुचवला, ही माझी हौस.

ढग हायवेवर उतरले होते. गाड्यांचे दिवे येत होते, गाड्या दिसत नव्हत्या. मिस्त्रींनी गाडी उचलून डावं चाक हाताने पुढे फिरवलं. पलीकडे कुणी नसताना उजवं चाक आपोआप उलटं फिरायला लागलं. भरदुपारी मी दोन पावलं मागे सरकलो.

"मामा, साधा डिफरन्शियल असाच असतो," ओंकार हसला.

मिस्त्री हसले नाहीत. काठी दातांत धरून त्यांनी डोळे मिटले. मग गिअरबॉक्स उतरवून उघडला आणि तिसऱ्या गिअरवरून बराच वेळ बोट फिरवलं.

"तुझ्याआधी एक जण बसलेला हिच्यावर. भ्यालेला माणूस. तिसऱ्यात टाकताना मधीच थांबायचा."

ओंकारने गंमत म्हणून आधीच्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, एकदा तिसऱ्यात टाकताना गाडी हातातून सुटली होती, तेव्हापासून तिथे हात थबकायचा. आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी घरीसुद्धा बोललेलो नाही." त्यानंतर ओंकारही कुजबुजू लागला.

चार दिवसांत काम झालं. डावं चाक फिरवलं की आता उजवंही त्याच्यासोबत पुढे जायचं. शेंदराची खूण मधोमध आली होती, माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसत होती. मिस्त्रींनी ती पाहिली, सगळं पुसलं आणि पुन्हा खोललं. दुसऱ्या दिवशीही तेच. गुरुवारी गाडी टेंपोवर चढायची होती आणि बुधवारी संध्याकाळी डिफरन्शियल तिसऱ्यांदा टेबलावर होता.

"बरोबर आहे ना? मग देत का नाही?" ओंकारचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझी वर्षभराची तयारी आहे, काका. जमत नसेल तर तसं सांगा."

मिस्त्रींनी हात पुसले आणि आम्हाला करंजाखाली नेलं.

"ह्यो माझ्या भावाच्या ट्रकचा. बबनचा. मीच बसवलेला. सकाळी निघाला, घाटात वळणावर खाली गेला. वीस वर्सं झाली. लोक म्हणाले धुकं, लोक म्हणाले ब्रेक. मी दरीतनं ह्यो काढून आणला. म्हटलं, माझी चूक असंल तर दातांवर दिसंल. शेंदूर लावला, फिरवला. मधोमध खूण. अजून लावतो, महिन्या-दोन महिन्यांनी. दरवेळी मधोमध येती."

"म्हणजे तुमची चूक नव्हती," मी म्हणालो. माझ्या दृष्टीने पुरावा भक्कम होता.

"चूक सापडली असती तर बरं झालं असतं, भाऊ."

लोक ज्याला नारळ वाहत होते ते काय होतं, हे मला तेव्हा कळलं. मला आमच्या चटणीची लाज वाटली.

गुरुवारी गाडी गेली. मिस्त्री टेंपोपर्यंत आले, ओंकारला एवढंच म्हणाले, "गाडीतनं उतरलास की फोन कर रं." शर्यत रविवारी दोनला संपणार होती.

चारला मी भिंतीवरून पाहिलं. धुकं गॅरेजच्या दारापर्यंत आलं होतं. मिस्त्री स्टुलावर बसले होते, फोन मांडीवर. मी जाऊन शेजारी बसलो. ओंकारचा फोन लागेना. पाच वाजले. हायवेवर एक ट्रक गिअर बदलत घाटाकडे गेला, दिसला नाही, नुसता ऐकू आला. मी मनात म्हटलं, यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि ओंकारचा नंबर पुन्हा लावला.

साडेपाचला फोन वाजला. ओंकारला पहिलं बोलायचं ते लॅपचं, वळणांचं, गाडी कशी चिकटून राहिली त्याचं. नंबर आला नव्हता, पण पोरगं खुशीत होतं. मोबाइलची बॅटरी संपली होती म्हणे. मी त्याला चार शब्द सुनावले आणि फोन मिस्त्रींकडे दिला.

ते गिअरबद्दल काही विचारतील असं मला वाटलं होतं.

"जेवलास का रं?" त्यांनी विचारलं.

पलीकडून नाही म्हटलेलं मलाही ऐकू आलं.

"मग आधी जेव. बाकीचं मागनं सांग."

फोन त्यांनी मला परत दिला. मग म्हणाले, "बबनच्या ट्रकचं काम माझ्यामुळं लांबलं. रातभर चाललं. सकाळी तो म्हणाला, जेवून निघतो. मी म्हटलं, माल खोळंबलाय, वर गेल्यावर जेव." थांबून त्यांनी नाक पुसलं. "ते दातांवर नाय उमटत."

मी घरी गेलो आणि बायकोला दोघांचं ताट वाढायला सांगितलं, मिस्त्रींचं आणि माझं.