उलट्या हाताचा बाहुला

दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यातलं काचेचं कपाट बाहुल्यांना दिलं, तेव्हापासून औषधं चपलांच्या फळीवर राहायला गेली होती. बाहुले म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचे, बटणं असलेले डबे. कुठल्याशा कारखान्यात त्यांना इवलेसे हातपाय आणि रुसलेलं तोंड चिकटवलं, की म्हणे कलाकृती झाली! खेळण्याचंच खेळणं, आणि खेळायची मात्र कुणाला परवानगी नाही. डॉक्टरीणबाई त्यांना सरळ ‘सवती’ म्हणायच्या.

त्या दिवशी वकीलसाहेब संग्रह बघायला येणार होते. त्यांनाही हाच आजार. इकडे खुर्चीत निवृत्त मास्तर दाढेत इंजेक्शन घेऊन, गालात कापूस कोंबून बसलेले. दाढ सुन्न होईस्तोवर डॉक्टर लाडका बाहुला उजेडाकडे वळवायला गेले. उघड्या बोटांचे डाग पडतात म्हणून रबरी हातमोजे तसेच ठेवले, आणि बाहुला निसटला.

“मेलो! अगं, हात निखळला!”

बाई धावत आल्या. बाहुला पाहून म्हणाल्या, “हात्तिच्या! मला वाटलं मास्तरांचा.”

“मास्तरांचा परवडला असता!”

दिव्याखाली मास्तर होते. म्हणून डॉक्टरांनी बाहुला मास्तरांच्याच छातीवर आडवा केला. दातांचं सिमेंट कालवलं आणि हात बसवला.

“मास्तर, श्वास जरा बेतानं घ्या. हलतोय तो.”

“उअआ! उअआ!” मास्तर तळहात पालथा-उताणा करून दाखवू लागले.

“दुखतंय का? दम धरा हो. इथे जिवावर बेतलंय आणि तुमचं दाढेचं काय घेऊन बसलात!”

निळ्या दिव्यानं सिमेंट दगडासारखं घट्ट झालं. मग डॉक्टरांना दिसलं, की हाताचा पंजा मागे गेलाय. मास्तर ‘उलटा, उलटा’ म्हणत होते. डॉक्टर हात उपटू लागले. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं सिमेंट टिकलं होतं. तेवढ्यात वकीलसाहेब दारात हजर, काखेत स्वतःचा एक बाहुला घेऊन.

भिंग लावून त्यांनी तो हात पाहिला आणि ते खालीच बसले.

“डॉक्टर, हा... हा कारखान्यातच उलटा बसलाय! असा दुसरा मिळायचा नाही. आणि तुम्ही बोलला नाहीत?”

डॉक्टरांनी सिमेंटची वाटी हळूच पाठीमागे लपवली. मग ते नम्रपणे म्हणाले, “मिरवायची सवय नाही हो मला.”

“मला द्या! बदल्यात हा घ्या, लाल बटणवाला. माझा जीव आहे हा, पण तुमचा तो द्या!”

डॉक्टरांनी बरेच आढेवेढे घेतले, म्हणजे वकीलसाहेबांनी हात मागे घेऊ नये इतपतच. सौदा झाला. वकीलसाहेब जिन्यावरून जवळजवळ पळतच गेले.

“बनवला की नाही वकिलाला?” डॉक्टरांनी नवा बाहुला बायकोसमोर नाचवला. “बघ, अस्सल माल! बटणाची चकाकी तरी बघ! कुणाचं बोटही लागलेलं नाही.”

बाईंनी बघितलं. मूळ बटण कधीच पडून गेलं होतं. त्या जागी कणकेची गोळी बसवून वर नेलपॉलिश फासलं होतं, चांगले दोन हात देऊन.

“छान आहे हो,” त्या म्हणाल्या.

वकीलसाहेबांच्या बायकोला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण त्या घडीला त्यांना ती सख्ख्या बहिणीसारखी वाटली.