आप्पांची शिष्यतपासणी

आमचे शेजारी बबनआप्पा शेअर बाजारात एक पैसाही लावत नाहीत, पण ट्रेडिंग शिकवणाऱ्या गुरूंचं फुकटातलं एकही सेमिनार चुकवत नाहीत. दौंडला असो की शिरूरला, आप्पा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. चहा पितात, फाईल घेतात आणि शेवटी हात वर करून विचारतात, "सर, एवढं कळतंय तर क्लास कशाला घेता?"

आप्पांची नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. ट्रॉली कितीही शिगोशीग दिसो, काट्यावर चढल्याशिवाय तिच्यावर त्यांचा भरवसा नसे. गुरूंनाही तोच नियम. एका गुरूंनी त्यांना मानसिकता बदलायला सांगितली, तर यांनी ती कुठल्या खिडकीवर बदलून मिळते असं विचारलं.

गुरूंपेक्षा त्यांचा राग शिष्यांवर जास्त. स्टेजवर 'सरांमुळे आयुष्य बदललं' म्हणणाऱ्यांची गावं आप्पा लिहून घेतात आणि स्वतः जाऊन खात्री करतात. केडगावच्या एका शिष्यानं फोटोत दाखवलेली मोटार त्याच्या मामांची निघाली. मामांना या फोटोचा पत्ताच नव्हता.

मागच्या महिन्यात दौंडच्या एका मंगल कार्यालयात सचिन नावाचा तरुण शिष्य बोलला. कंपनीतली नोकरी सोडली, घरबसल्या ट्रेडिंग करतो, आणि आईसाठी गावी दुमजली घर बांधलं, म्हणाला. गाव पाटसजवळचं. रविवारी आप्पा माझ्या मोटारसायकलवर मागे बसले.

घर सापडलं. एका खोलीचं, पत्र्याचं. आप्पांनी मला कोपरानं ढोसलं. दारात सचिनची आई घेवडा निवडत होती. सचिनला दौंडात पाहिलं, एवढंच आप्पांनी सांगितलं, तर तिनं लगेच सतरंजी अंथरली. सचिन अजून कंपनीतच नोकरीला होता, हे तिच्याकडूनच कळलं. शिक्रापूरला खोली करून राहायचा, शिफ्टमुळे दिवाळीलाही आला नव्हता. बारीक झालाय का, असं तिनं दोनदा विचारलं.

"न्हाई, चांगला हाय," आप्पा म्हणाले. "हॉलात भाषण केलं त्यानं."

बाई हसायलाच लागली. पाहुणे आले की सचिन कणगीमागं लपायचा, शाळेत हजेरी द्यायलाही लाजायचा, म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "काय बोलला वो?"

आप्पांनी वर पत्र्याकडे बघितलं.

"तुमच्याबद्दल बोलला."

तिनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. आम्ही निघेपर्यंत पुन्हा उचलल्या नाहीत.

पुढचं सेमिनार शिरूरला होतं, आप्पांबरोबर मीही गेलो. सचिन पुन्हा स्टेजवर आला आणि त्याच घराबद्दल त्याच शब्दांत बोलला. मी आप्पांच्या हाताकडे बघत होतो. तो वर गेला नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी सचिनला बाहेर पाण्याच्या जारपाशी गाठलं. तुझ्या घरी जाऊन आलो, म्हणाले. सचिनचा चेहरा उतरला.

"घराचं मी तिला काय बोललो न्हाई," आप्पा म्हणाले. "पर तू एवढ्या माणसांत बोलतोस, ह्येच तिला खरं वाटंना. सुट्टी मिळंल तवा जा, आन् तिच्याशी बोलत बस."

सचिननं मान हलवली. आप्पांनी ग्लास भरून त्याच्या हातात दिला, आणि त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत तिथेच उभे राहिले.