सावळारामची राखीव जागा

दौलत सेक्रेटरीनं नाक्यावर चहा पिता पिता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "अख्ख्या भिवंडीत पांगळ्या माणसाला गाडी लावायला हक्काची जागा देणारी आपली सोसायटी पहिली. मुंबईवाले बघायला येतील, लिहून ठेवा."

मुंबईवाले काही आले नाहीत. आले ते दुसरेच, आणि ते नारळ घेऊन आले.

सावळारामचा उजवा पाय पडघ्याजवळ ट्रकखाली गेला होता. ट्रकवाला थांबला नाही, त्याला घाई होती. पाय गेला तशी लूमवर उभं राहायची नोकरीही गेली. पण लडकू मुकादमानं मेहेरबानी केली आणि त्याला कांड्या भरायच्या यंत्रावर बसवलं. कांडीवर सूत गुंडाळायचं, बसून करायचं काम. हात चालले की झालं. मुकादमाची अट एकच होती.

"पयल्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत जागेवर पायजे. लेट आलास तर त्या स्टुलावर दुसरा बसंल. भायेर लाइन लागलीय."

कारखाना टेमघरच्या पार टोकाला. सावळाराम तिथं हातानं पायडल मारायच्या तीनचाकी सायकलवर जायचा. एका सेवाभावी मंडळानं फोटो काढून ती त्याला दिली होती. ही सायकल रात्री फाटकाबाहेर ठेवली की सकाळी तिचं काहीतरी गेलेलं असायचं. कधी घंटा, कधी चेन, एकदा तर सीट. पांगळ्याच्या गाडीची सीट चोरणारा माणूस स्वतः कशावर बसत असेल, आणि बसून त्याला सुख लागत असेल का, हे मला आजवर कळलेलं नाही.

आत जिन्याखाली ऐसपैस जागा होती. पण तिथं तुळशीरामची स्कूटर असायची. तुळशीराम सोसायटीतला एकुलता एक स्कूटरवाला. तो चालतानासुद्धा हँडल धरल्यासारखे हात पुढे करून चालायचा.

"तुळशीरामशेठ, जरा गाडी तिकडं भिंतीला लावाल का?" सावळारामनं विचारलं.

"तिकडं ऊन हाय. रंग उडतो तिचा."

"माझी ड्युटी उडते, शेठ."

"ड्युटी दुसरी मिळंल रे. हा निळा कलर आता येतच न्हाय."

मग दौलतनं मनावर घेतलं. कमिटीची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे त्याचं मन तेव्हा लोण्यासारखं झालं होतं. त्यानं ठराव पास केला आणि जिन्याखाली 'अपंगांसाठी राखीव' अशी लाकडी पाटी ठोकली. दुसऱ्या दिवशी ती पाटी कुणाच्या तरी बंबात गेली आणि एका घराचं अंघोळीचं पाणी फुकट तापलं.

"थांब," दौलत म्हणाला, "आता जळणार न्हाय अशी पाटी करतो."

त्यानं खाणीतला एक उभट दगड आणून जिन्याखालच्या भिंतीशी पुरला. खिडक्यांचा उरलेला लाल ऑइलपेंट होता, त्यानं स्वतः अक्षरं काढली. दगड अरुंद निघाला. 'अपंगांसाठी' बसेना, म्हणून नुसतं 'राखीव' लिहिलं. ते तरी नीट राहावं? रंग पातळ होता. रात्रभर ओघळला आणि सकाळी अक्षरांचा पत्ता नाही, दगड वरपासून खालपर्यंत लालभडक.

सकाळी सावळाराम फाटकाबाहेरची सायकल आत ओढून तिची चेन बसवत होता. राहनाळची बायजाबाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन फाटकातून आत आली आणि दगडापुढे थबकली.

"सावल्या, ह्यो काय रं नवीन?"

"राखीव हाय, मावशे."

"राखणीचा हाय?"

भोंग्याला वेळ थोडा उरला होता. सावळारामचं निम्मं लक्ष चेनकडे होतं.

"हां हां, तोच. सरक बघू."

आता ज्यांनी गावाकडची वेस कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. राखण म्हणजे गावाची पाठराखण करणाऱ्या देवाचा मान. वेशीवरच्या शेंदरी दगडाला नारळ द्यायचा, कोंबडा द्यायचा. तो गुरंढोरं, लेकरंबाळं सांभाळतो. बायजाबाईनं पाटी खाली उतरवली, दोन वांगी आणि कोथिंबिरीची काडी दगडापुढे ठेवली आणि हरवलेली म्हैस सापडू दे म्हणून हात जोडले.

म्हैस दुपारी सापडली. ती कुठं गेली नव्हतीच. शेजाऱ्याच्या गोठ्यात पेंढा खात उभी होती. पण हे ऐकायला कोण थांबतो?

संध्याकाळपर्यंत दगडापुढे नारळांचा ढीग. शनिवारी कोंबडा. पुढच्या आठवड्यात दगडाला पितळी डोळे बसले. तुळशीरामनं आपण होऊन स्कूटर उचलली आणि पार कुंपणाला, भर उन्हात नेऊन लावली. रंग उडाला तर उडाला. माणसाला एक पाय नाही म्हणून जी स्कूटर टीचभर सरकली नव्हती, ती दगडाला दोन्ही पाय नाहीत तरी सरकली.

सावळारामला आनंद झाला. जागा रिकामी झाली होती ना. त्यानं सायकल आत घातली आणि चाकाखाली निरांजन चेपलं.

"अरं, देवाच्या अंगावर गाडी घालतोस?" आनंदीबाई वरच्या जिन्यातून कडाडली. ती दौलतची आई.

"काकू, ही माझीच जागा हाय. ठराव झालाय."

"देवाला ठराव दाखवतोस? दौलत, काढ रे ती भायेर."

दौलतनं सायकल फाटकाबाहेर नेली. रात्री चेन गेली. सावळाराम लेट झाला.

"ही शेवटची," लडकू मुकादम म्हणाला. "आता परत लेट झाला तर मालिक मेरेकू भी निकालेगा."

सावळाराम कुबड्या टेकत दौलतच्या दारात गेला. "सेक्रेटरी, तो दगड काढा, न्हायतर माझी भाकरी जाईल."

"मी काढू?" दौलतनं आवाज खाली आणला. "मतं मागायला कुठल्या तोंडानं जाऊ? पण तुझ्यावर अन्याय न्हाय होऊ देणार. आपण देवाचा कौल घेऊ."

रविवारी सगळी सोसायटी जमली. बायजाबाईनं दोन फुलं पाण्यात बुडवून दगडाला चिकटवली, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाय. दौलतनं घसा खाकरून विचारलं, "देवा, ही जागा सावळारामला द्यायची का?"

ऑइलपेंट गुळगुळीत. उजवं फूल सरकलं आणि टपकन खाली पडलं.

सगळ्यांनी हात जोडले. सावळारामच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे होऊन तो म्हणाला, "मग आणू गाडी?"

"गाडी?" दौलत बुचकळ्यात पडला. "गाडीचं कुठं विचारलं? देवानं जागा तुला दिली. तू बस हितं. दिव्यात तेल घाल, कावळे हाकल."

"अहो, पण मग गाडीचं विचारा की."

"एका दिसात देवाला दोनदा इचारत न्हाय," बायजाबाई म्हणाली. "कोपतो."

त्या रात्री फाटकाबाहेरच्या सायकलचं चाकच गेलं. सावळाराम कुबड्यांवर निघाला तो भोंगा होऊन गेल्यावर घामानं निथळत पोचला. त्याच्या स्टुलावर चिंधू बसला होता आणि झपाझप कांड्या भरत होता.

"तुझं समजलं आम्हाला," लडकू मुकादम हसून म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "देवानं बसायला जागा दिली म्हणं. मग हितं गरिबाचं स्टूल कशाला अडवतोस?"

"मुकादम, ती जागा गाडीसाठी मागितली होती."

"देव देतो तवा तक्रार करू नये. जा. आणि आपल्या कोपऱ्यातल्या लूमचा धागा सारखा तुटतो, तेवढं त्याच्या कानावर घाल."

सावळाराम परत आला. घरात जायची हिंमत नव्हती, म्हणून जिन्याखाली दगडाला टेकून बसला. समोर नारळ, उदबत्त्या, पितळी डोळे. बायजाबाई भाजी विकून परत निघाली होती. त्याला अंग चोरून बसलेला पाहून तिला कळवळा आला.

"असा आखडून का बसलास, बाबा? पाय लांब कर की. जागा तुझीच हाय आता."

सावळारामनं होता तेवढा लांब केला.