पन्नास फुटांच्या आतले

"आजूबाजूचे म्हणजे किती फुटांपर्यंतचे?" मोजणीदारांनी विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. समोरच्या माणसानं चौतीस वर्षं जमिनी मोजल्या आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, की मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मोजणीदारांच्या पत्नी दर सहा महिन्यांनी सलाईनमधून जे औषध घेतात, त्यानं लशीला दाद देणाऱ्या पेशीही कमी होतात. बाईंनी फ्लूची लस घ्यावीच, पण ती पुरती लागू पडेल याचा भरवसा नाही. म्हणून आजूबाजूच्यांनीही घ्यावी.

"पन्नास धरा," डॉक्टर वैतागून म्हणाले.

घरी येताच मोजणीदारांनी बायकोची खुर्ची केंद्र धरून फीत लावली. वर्तुळ भिंतीतून शेजारी गेलं, छतातून वर गेलं. शेजारच्या शिंपीणबाई मुकाट्यानं लस घेऊन आल्या. वरचे वकील मात्र अडले.

"निजलो की माझं डोकं तुमच्या हद्दीत, पाय बाहेर. दंडाचं काय?"

पलंग मोजला. दंड नेमका रेषेवर.

"हद्दीवरचं झाड दोघांचं असतं," मोजणीदार म्हणाले. "एकाच दंडात घ्या."

वकिलांनी घेतली.

संध्याकाळी बाईंनी काठी उचलली. पायांनी दगा दिल्यापासून सुटलेलं ग्रंथालय त्यांना आज गाठायचंच होतं.

"अगं, केंद्र हललं तर सगळी मोजणी वाया! रस्त्यावर अख्खी बस आत येईल."

"म्हणजे मी खुंटीसारखी इथंच?"

"थंडी संपेपर्यंत."

बाईंनी त्यांनी केलेली लस घेणाऱ्यांची यादी वाचली. "अहो, यात तुमचं नाव कुठाय?"

"मोजणाऱ्याला मोजणीत धरत नाहीत."

"सुईला घाबरलात ना?"

मोजणीदार फीत गुंडाळू लागले.

"मग व्हा हद्दीबाहेर!"

थोड्याच वेळात बाई रस्त्यानं चालल्या होत्या आणि मागं पन्नास फुटांवर मोजणीदार. त्या थांबल्या की ते थांबत.

"दोन फूट आत आलात!" वकील गॅलरीतून ओरडले. मोजणीदार मागं सरकले.

बाई ग्रंथालयाकडे न वळता दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या. खोकणाऱ्या लोकांत तिला एकटं कसं सोडायचं? मोजणीदार धावत आत शिरले.

"तुमची झालीय ना, बाई?" नर्सनं विचारलं.

"यांची राहिलीय. मी हात धरायला आलेय."

मोजणीदारांनी डोळे घट्ट मिटले, बायकोची बोटं त्याहून घट्ट धरली.

"झालं. आता अर्धा तास इथून हलायचं नाही," नर्स म्हणाली.

"नाही हलणार ते," बाईंनी हात सोडवून घेतला. "मी ग्रंथालयात आहे."