राजाचा दुसरा मुकुट

नाटकाच्या तालमीला राजाचं काम करणारा चर्चचा प्लंबर वर्तमानपत्रात गुंडाळलेला पितळी मुकुट घेऊन आला, पण पाळकसाहेबांनी तो उघडूसुद्धा दिला नाही. त्यांनी नुकतंच ग्रीक भाषेत डोकं घातलं होतं.

"राजाच्या मुकुटाला मूळ शब्द आहे दियादेमा," ते म्हणाले. "म्हणजे डोक्याभोवती बांधायची कापडी पट्टी. शर्यत जिंकणाऱ्याला घालतात तो पानांचा, तो स्तेफानोस. आपण दोघांनाही मुकुट म्हणून मोकळे होतो. माझ्या नाटकातला राजा पट्टीच बांधेल. पितळ घालायचं असेल त्याने घरी घालावं."

पांढऱ्या कापडाची लांबलचक पट्टी घेऊन प्लंबर तोंड पाडून घरी गेला. खरं तर राजेपणाचं त्याला सोयरसुतक नव्हतं. चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या बाईंच्या नजरेत एकदा भरायचं, एवढीच त्याची इच्छा. आजवर बाईंनी त्याला पाहिलं होतं ते बहुधा सिंकखाली, म्हणजे पायच. चाळिशी उलटली तरी लग्न राहिलेलं, आणि डोक्यावर दाट केसांचा टोप. तो टोप आहे हे कुणालाच ठाऊक नाही, अशी त्याची भाबडी समजूत होती. बाईंना कळलं तर संपलंच सगळं.

नाटकाच्या दिवशी त्याने शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. मुकुट डोक्यावर बघितला की पाळकसाहेब विरघळतील, असा त्याचा हिशेब. पण मुकुट घसरून भुवयांवर येऊ लागला. सैल दिसलं की प्लंबरचे हात शिवशिवतात. त्याने पाइपाचे सांधे बुजवायची पुट्टी मुकुटाला आतून थापली, माप बसावं म्हणून तो डोक्यावर चढवला आणि आरशासमोर उभा राहिला. स्वतःला बघता बघता त्याचं भान हरपलं. शेवटी मुकुट काढायला गेला तर मुकुटासकट केसही हातात आले. सांधा असा बेमालूम बसला होता की दुसऱ्या कुणाच्या घरी त्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली असती.

टोपाशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती आणि मुकुट दिसला तर पाळकसाहेब स्टेजवर पाऊल ठेवू देणार नव्हते. मग त्याने सगळं डोक्यावर चढवलं आणि वरून पट्टीचे वेढ्यावर वेढे दिले. तो गलेलठ्ठ दियादेमा बघून पाळकसाहेबांना गहिवरून आलं.

शेवटच्या प्रवेशात राजाने पट्टी सोडून देवाच्या सिंहासनापुढे ठेवायची होती. शेवटचे वेढे डोक्यावरच ठेवायचे, असं प्लंबरने मनाशी पक्कं केलं होतं. पण पियानो सुरू झाला, त्याची नजर बाईंकडे गेली आणि हात पट्टी सोडतच राहिले. पितळ लखलखलं. सभागृहात कुजबुज झाली.

कडेला निवेदन करणारे पाळकसाहेब चांगलेच चपापले, पण डगमगले नाहीत. "दोन देशांचा राजा दोन मुकुट घालत असे," त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. वेळ निभावली, पण आता राजा दुसरा मुकुट कधी खाली ठेवतो याची सगळे वाट बघू लागले.

"काढ," पाळकसाहेब जवळ येऊन पुटपुटले.

"निघत नाही हो."

"निघत नाही म्हणजे काय?" म्हणत त्यांनीच हिसका दिला.

निघालं ते सगळंच निघालं. दिव्याखाली राजाचं तुळतुळीत डोकं चमकलं आणि पियानो मध्येच थांबला. हातातल्या केसाळ मुकुटाकडे पाहताना पाळकसाहेबांना एकही ग्रीक शब्द आठवेना. लोकांना मात्र राजाचा हा त्याग फारच भिडला. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

प्लंबरला तोंड लपवायला जागा पुरेना. पडदा पडताच तो मागच्या दाराने सटकला. पायरीवर पोचतो तोच मागून तो केसाळ मुकुट घेऊन बाई आल्या. लाजेने त्याने मान वर केली नाही.

"अहो, एक विचारू?" तोंडावर हात धरून बाई हळूच म्हणाल्या. "ह्याच्या आतली ती पुट्टी दातांना चालेल का? पुढचे दोन माझे नाहीत. गाताना हलतात."