सील तोडायचं नाही

आमच्या डोक्यावर राहणारे गुप्तेकाका डीव्हीडी प्लेअरवर सिनेमा लावायचे, पण पाहायचे मात्र सेटअपचा मेनू. नवीन पनवेलच्या त्या सोसायटीत मी बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो, त्यामुळे हे शास्त्र मला छतातून शिकावं लागलं. रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो की वर कुणीतरी नायिकेला धमकी द्यायचं, मग शांतता, मग पुन्हा तीच धमकी, आधीपेक्षा मोठ्याने. माझ्या झोपेचं त्या माणसाने वाटोळं केलं, हे मी अजून विसरलेलो नाही.

काकांची सगळी नोकरी न्हावा शेव्याला, लोकांचा माल सोडवून देणाऱ्या एका कचेरीत झाली. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते कंटेनरच्या भाषेत सांगत. जिन्यात गाठून विचारायचे, "तुमचा प्लेअर पीसीएमवर आहे की बिटस्ट्रीमवर?" माहीत नाही म्हटलं की संपलंच. "अहो, डिस्कवरचा आवाज म्हणजे सीलबंद कंटेनर. प्लेअरने तो बंदरातच फोडला, तर पीसीएम. तसाच अ‍ॅम्प्लिफायरच्या दारात नेऊन फोडला, तर बिटस्ट्रीम. मधे सील तोडायचं नाही!" मी दुधाची पिशवी धरून उभा असायचो.

एका गणपतीत सोसायटीने मुलांसाठी सिनेमा ठेवला. काकांनी कुणालाही न विचारता तिथल्या प्लेअरचं डिजिटल आउटपुट बिटस्ट्रीमवर नेलं. सोसायटीचा अ‍ॅम्प्लिफायर जुनापुराणा, त्याला हा बंद माल फोडताच येईना. स्पीकरमधून नुसती खरखर. पोरं मांडवाबाहेर पळाली, आणि काका म्हणतात, "माल बरोबर आहे, घेणारा अडाणी आहे."

घरात मात्र हा पंडित रोज बोलणी खायचा. गुप्तेकाकू गाण्याचे क्लास घेत. त्यांचा कान तिखट म्हणून सगळ्या सेक्टरात नाव होतं. त्या चारचौघांत म्हणायच्या, "जन्मभर दुसऱ्यांचे खोके सोडवले, घरातला एक खोका यांना नीट लावता येत नाही." आम्ही हसायचो. काकाही हसायचे.

शेवटी एका रविवारी मी तणतणत वर गेलो. दार उघडंच होतं. सिनेमा इतक्या मोठ्याने चालला होता की शोकेसची काच थरथरत होती. आणि स्पीकरसमोरच बसलेल्या काकू कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "अहो, परत गेला आवाज. काय बोलतायत काही कळत नाही."

"थांब, पीसीएमवर गेलं वाटतं," काका ओरडले. त्यांनी मेनू उघडला. मला दारातून दिसत होतं, बिटस्ट्रीमच होतं. काकांनी खुणेची पट्टी खाली नेली, वर आणली, पुन्हा बिटस्ट्रीमवरच ठेवली, आणि दुसऱ्या हाताने अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज हळूच वाढवला.

"आता?"

"हं, आता जरा बरं. आधीच करायला काय होतं?"

काका मला बघून बाहेर आले. मी म्हटलं, "काका, काकूंचे कान दाखवा कुणाला तरी."

"दाखवले. सर्दीचं निमित्त करून नेली होती." ते जिन्याच्या कठड्याकडे बघत बोलत होते. "कान जाणार म्हणाले डॉक्टर. मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. क्लासच्या मुली बेसूर गातात, हिला कळत नाही. एकेक गळायला लागल्यात. हिला वाटतं, परीक्षा असतील."

"मग सांगा ना त्यांना."

"कान सोडून तिच्याकडे आहे काय? मला शिव्या घालते, घालू दे. हे सील मी नाही तोडणार."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. तेवढ्यात आतून काकू कडाडल्या, "अहो, गेलात कुठे? पुन्हा बिघडवलंत ते!"

"मला नाही गं जमत हे!" काका सगळा जिना दणाणेल एवढ्या मोठ्याने ओरडले, आणि आत धावले.

तेवढं मात्र काकूंना नीट ऐकू गेलं.