राणीचं काम आणि बदलीचा हुकूम

खडकीच्या आमच्या फौजी शाळेच्या समितीवर पालक प्रतिनिधी झालो तर पदरात काय पडेल, हे मी आधीच जोखून ठेवलं होतं. मानधन शून्य. पण अध्यक्ष कर्नलसाहेबांच्या शेजारी बसून चहा, मुख्याध्यापिकाबाईंचा नमस्कार, आणि मुख्य म्हणजे माझ्या अपेक्षाला स्नेहसंमेलनाच्या नाटकात राणीचं काम! बाकीचे पालक हुकूम पाळणारे. तोंड चालवणारा कर्वेनगरचा गडी मी एकटाच. बिनविरोध निवडून आलो!

अडचण एकच. बाईंनी राणी म्हणून नाजिमाला निवडलं होतं. अपेक्षा दासी! नाजिमाचे वडील हवालदार. त्यांच्या बदलीचा हुकूम आलेला. मी पहिल्याच बैठकीत सूचना टाकली, "ज्यांच्या घरी बदलीचा हुकूम आलाय, त्या मुलांना मोठं काम नको. ऐनवेळी निघून गेली तर?"

समितीवरच्या दुसऱ्या पालक नेमक्या नाजिमाच्या आई, हमीदाबाई. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, संमेलन जानेवारीत. आम्ही जाणार मार्चमध्ये!"

"नियम सगळ्यांना सारखा!" मी तोफ डागली. मंजूर!

अपेक्षा राणी झाली. पाट ढाल म्हणून मिरवायची, जेवतानाही मुकुट काढेना. आठवड्याभरात आमच्या सौभाग्यवती, मेजर मुक्ताई, बूट काढता काढता म्हणाल्या, "जोरहाट, आसाम. फेब्रुवारीत हजर व्हायचंय."

"कुणी?"

"मी! अहो, लग्न कुणाशी केलंत, महापालिकेशी?"

खरं सांगतो, बदली दुसऱ्यांच्या घरी येते असंच मी धरून चाललो होतो.

पुढच्या बैठकीत मी लोण्यासारखा मऊ. "साहेब, तो नियम जरा कडकच झाला."

"तुमचाच आहे," कर्नलसाहेब म्हणाले.

आता हमीदाबाई सूड घेणार! पण त्या म्हणाल्या, "रद्द करा, साहेब. आई-बापाच्या हुकमापायी पोरीचं काम का जावं?"

नियम रद्द झाला. सुटलो म्हणेपर्यंत मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "म्हणजे राणी मूळचीच, नाजिमा?"

कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

नाजिमानं सभागृह डोक्यावर घेतलं. अपेक्षा तबक धरून मागे उभी.

जोरहाटच्या शाळेत नव्या बाईंनी तिला विचारलं, "नाटकात काम करशील?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "बाबा समितीवर नसतील तर."

सूचना माझी, मंजुरी समितीची, मोठं मन हमीदाबाईंचं; भुर्दंड तेवढा नऊ वर्षांच्या पोरीला.